ज्यांचा मृदंग बोलायचा



आज मी नमनाविषयी, या आपल्या कोकणातल्या लोककलेविषयी, बोलणार आहे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या नमन मंडळांविषयी, आणि त्याहून जास्त, ती मंडळं ज्यांनी रात्र रात्र जागून ऐकली त्या माणसांविषयी. ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला दर वर्षी भरते, ते जन्मभर वाडीवस्तीवरच्या माणसांत वावरले. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर हा विषय यायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

रत्नागिरी गाण्याचं गाव आहे. थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कलचा महोत्सव भरतो तेव्हा थंडीत शाली पांघरून बसलेले श्रोते मी पाहिले आहेत. संगीत नाटकाला इथे अजून प्रेक्षक मिळतो आणि खल्वायनसारखी संस्था ती नाटकं निष्ठेनं उभी करते. बाहेरगावचे कलावंत सांगतात की रत्नागिरीचा श्रोता दर्दी आहे, आणि ते खरं आहे. मग या दर्दी श्रोत्यांना मी एक प्रश्न विचारतो. तुम्ही शेवटचं नमन कधी ऐकलंत? शिमग्यात पालखी नाचताना बघितली असेल, संकासुराचा फोटोही काढला असेल. तासभर जागेवर बसून, डोळे मिटून, नमनाचं गाणं कधी ऐकलंत?

आपल्याकडे नमनाविषयी जे थोडं बोललं जातं, ते डोळ्यांना दिसतं त्याबद्दल असतं. संकासुराची काळी कफनी, उंच टोपी, पांढरी दाढी. नाचणारी गोमू. मावशी आणि पेंद्याचे विनोद. शेवटी येणारं दहा तोंडांच्या रावणाचं सोंग. ते सगळं आहेच, देखणंही आहे. पण नमन मंडळ हे आधी गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसांचा ताफा आहे. आज ‘बँड’ हा शब्द आपल्या पोरांच्या तोंडी आहे, तर त्यांना त्यांच्याच शब्दात सांगतो: या जिल्ह्यातल्या वाड्या-वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या बँड होते, आहेत. त्यांची दखल मात्र त्यांच्या योग्यतेच्या मानानं फार थोडी घेतली गेली.

हा ताफा काम कसा करतो, ते जरा सविस्तर बघू.

मागे मृदंगवाले उभे. बहुधा दोघे. हे लक्षात घ्या, उभे. मृदंग कमरेशी बांधलेला किंवा गळ्यात अडकवलेला, आणि वाजवता वाजवता पावलंही पडतायत. बैठकीत मांडी घालून पखवाज वाजवणाऱ्याला जे करावं लागत नाही, ते हा माणूस चार-पाच तास करतो. उजव्या बाजूला शाईची पुडी, डाव्या बाजूला ओली कणीक लावलेली. रात्र चढली, दव पडायला लागलं की पुडी उतरते, आणि कणीक वाऱ्यानं सुकली की घुमारा जातो. तेव्हा दोन पदांच्या मधे मृदंगवाला बोटानं कणीक चाचपतो, पाण्याचा हात लावतो, हातोडीनं दोन ठोके देतो आणि पुन्हा उभा राहतो. कोणी शिकवलं हे? बापानं, चुलत्यानं, शेजारच्या वाडीतल्या म्हाताऱ्यानं. शेताच्या बांधावर बसून बोल पाठ केलेली माणसं आहेत ही.

त्यांच्या जोडीला झांजा आणि टाळ. पुढे खेळ्यांची, म्हणजे नाचणाऱ्यांची, रांग, अंगात झगे, पायात चाळ. चाळ हेसुद्धा एक वाद्य आहे, हे विसरू नका. आठ-दहा जणांचे पाय एका मात्रेवर पडतात तेव्हा ताल जमिनीतूनच वर येतो. आणि मग गाणारे. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती उचलायची. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात खळ्यावर हजार माणूस बसलेलं असायचं आणि शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचायचा. कसा पोचायचा? एकट्याच्या आवाजानं ते होत नाही. सगळे मिळून ओळ उचलताना सूर किंचित चढवतात, शेवटचं अक्षर लांबवतात, आणि त्या लांबवलेल्या अक्षराखाली मृदंग आपलं काम करून घेतो. हे सगळं ठरवून, घासूनपुसून बसवलेलं संगीत आहे.

क्रमही पक्का. आरंभी नमनं. धरतीला, गणपतीला, ग्रामदेवतेला, दिशांना, आईबापांना. चाल संथ, शब्द जुने. मग गण. मग गवळण, म्हणजे कृष्ण, पेंद्या, मावशी आणि बाजाराला निघालेल्या गवळणी. आणि उत्तररात्री वग. वगाबद्दल मी आज फारसं बोलणार नाही. तो नाटकाचा भाग आहे, पौराणिक-ऐतिहासिक कथांवर चालतो, आणि त्याच्यावर बोलणारे जाणकार आहेत. माझा जीव पहिल्या दोन तासांत अडकलेला आहे. नमनाचा संथपणा गणात थोडा हलतो आणि गवळणीत मोकळा होतो, ती चढण मला कुठल्याही मैफलीतल्या विलंबिताकडून द्रुताकडे जाण्याइतकीच मोलाची वाटते. हे मी उत्साहाच्या भरात बोलत नाही. दोन्ही ऐकून, विचार करून बोलतो आहे.

आता आठवणींकडे येतो.

गेली काही वर्षं मी जिथे जाईन तिथे, संगमेश्वराकडे, लांज्याला, राजापुरात, गुहागरात, म्हाताऱ्या माणसांना एकच विचारतो. तुमच्या तरुणपणी ऐकलेलं कुठलं मंडळ आठवतं? मला वाटलं होतं, लोक सोंगांच्या गमती सांगतील. सांगतातही. पण थोडा वेळ बसून राहिलं की बोलणं गाण्यावर येतं. आणि मग जे बाहेर येतं ते ऐकून थक्क व्हायला होतं.

संगमेश्वराकडच्या एका आजोबांनी एका मृदंगवाल्याविषयी मला सांगितलं, “त्याचा मिरदंग बोलायचा हो. आता निस्ता वाजतो.” मी विचारलं, बोलायचा म्हणजे काय? तर त्यांनी मांडीवर हात मारून दाखवलं. गाणारा ओळीच्या शेवटी दम घ्यायला थांबला की हा मृदंगवाला ती जागा सगळी भरून टाकत नसे. एक बोल टाकायचा आणि गप्प राहायचा. मग गाणारा पुढची ओळ घ्यायच्या आत पुन्हा एक बोल. “नवीन पोरं मधी मधी लय वाजवतात,” आजोबा म्हणाले. आता सांगा, ही समीक्षा आहे की नाही? साथीदारानं कुठे थांबावं याचा इतका नेमका विचार करणारा हा श्रोता शाळेत चौथीपर्यंत गेलेला आहे.

लांजा तालुक्यातल्या एक मावशी. मांडवात पुढे बसायची मुभा नव्हती, बायकांची जागा मागे, कुडाच्या आडोशाला. तिथून त्यांनी गवळणींच्या चाली पाठ केल्या. भाताची लावणी करताना चिखलात उभं राहून त्या म्हणायच्या. एकाच गवळणीच्या दोन चाली त्यांनी मला गाऊन दाखवल्या. एक आपल्या माहेरच्या मंडळाची, एक सासरच्या. शब्द जवळजवळ तेच, पण माहेरची चाल ओळीच्या मध्यावर वर जाते आणि सासरची शेवटाला. पन्नास वर्षं झाली, हा फरक त्यांनी सांभाळून ठेवला आहे. कोणासाठी? कोणी विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, माहेरची म्हटली की माहेरी गेल्यासारखं होतं.

आणि एक आठवण मुंबईची. तिच्याकडे नीट जायला हवं, कारण मुंबईशिवाय नमनाची गोष्ट पुरी होत नाही.

आपल्या जिल्ह्यानं मुंबईच्या गिरण्यांना माणसं पुरवली. आगबोटीनं गेली, पुढे एस.टी.नं गेली. लालबाग, परळ, शिवडी, नायगावच्या चाळींत गावकीच्या खोल्या होत्या. एकेका खोलीत वीस-वीस, तीस-तीस माणूस, पाळ्यांप्रमाणे झोपणारा. त्या खोल्यांत पेटी असे, टाळ असत, आणि खुंटीला मृदंग असे. शिमग्याला आणि गणपतीला चाकरमानी गावी येत, ते गाणं घेऊन येत आणि गाणं घेऊन जात. मुंबईत ऐकलेली एखादी नाटकातली चाल गवळणीत शिरायची. मंडळाचा खर्च कोण करायचं? बहुतेक वेळा मुंबईकर. झगे, पडदे, पेट्रोमॅक्सच्या बत्त्या, नवा मृदंग, या सगळ्यामागे गिरणीतला पगार होता.

परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ सालचं. कोकणातल्या लोककलांचं ते मुंबईतलं हक्काचं ठिकाण होतं. तिकीट लावून नमनं व्हायची. एक निवृत्त गिरणी कामगार मला सांगत होते की रात्रपाळी संपवून ते थेट रांगेत उभे राहायचे, आणि खुर्चीवर बसल्यावर पहिलं नमन सुरू झालं की रडू यायचं. का? नमनात त्यांच्या ग्रामदेवतेचं नाव यायचं. त्या अवाढव्य शहरात, भरलेल्या नाट्यगृहात, कोणीतरी त्यांच्या गावच्या देवीचं नाव सुरात घेत होतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांमधला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुढे काय झालं ते या सभागृहातल्या निम्म्या माणसांच्या घरांना माहीत आहे. संपाचा इतिहास लिहिला गेला, लिहिला जायलाच हवा. पण संपानंतर जी माणसं कायमची गावी परतली, त्यांच्याबरोबर किती मृदंग परत आले, किती त्या खोल्यांबरोबर गेले, हे कोणी लिहिलं का? दामोदर नाट्यगृहही पुनर्विकासासाठी २०२३ मध्ये बंद झालं. वास्तू पुन्हा उभी राहील. जुन्या वास्तूच्या आठवणी मात्र आजच नोंदवून ठेवल्या पाहिजेत.

इतकं चांगलं संगीत, इतका जाणता श्रोता, मग त्याची किंमत का झाली नाही? हा प्रश्न मी टाळणार नाही.

नमन मुख्यतः कुणबी समाजानं सांभाळलं. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या खोतांची कुळं होती. जमीन दुसऱ्याची, पिकाचा मोठा वाटाही दुसऱ्याचा. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्यासाठी विधेयक मांडलं, आणि खोती संपायला १९४९ चा कायदा यावा लागला. ज्यांच्या नावावर जमिनीचा तुकडा नव्हता, त्यांच्याकडे हे संगीत मात्र पूर्णपणे स्वतःचं होतं. शहरातल्या शिकलेल्या माणसानं ते करमणूक म्हणून बघितलं, कुळांचा खेळ म्हणून बघितलं. संगीत म्हणून त्याच्याकडे कान दिला नाही. हे मी कोणाला बोल लावायला सांगत नाही. आपल्या शहराची संगीताची जाण इतकी मोठी आहे की तिच्यातली ही उणीव भरून निघायला हवी, म्हणून सांगतो.

दुसरं कारण वेगळं आहे. नमन मंडळाला माणसाचं नाव नसतं. देवाचं नाव असतं आणि गावाचं, वाडीचं असतं. दक्षिणेला, सिंधुदुर्गात, दशावताराच्या कंपन्या आहेत. पार्सेकर, मोचेमाडकर अशी घराण्यांची नावं त्यांना आहेत, राजाचं काम करणारा नट अमुक, स्त्रीपात्र करणारा तमुक, हे लोकांना पाठ असतं. आपल्याकडे मंडळ वाडीचं. मृदंगवाला शेतकरी, गाणारा शेतकरी, गवळण झालेला मुलगा सकाळी गुरं सोडणारा. फलकावर त्याचं नाव क्वचित. ही वृत्ती मला फार मोठी वाटते. पण या थोर वृत्तीचा परिणाम असा झाला की माणूस गेला की तो हात, तो आवाज कोणाचा होता हे सांगायला फक्त ऐकणारे उरले. आणि ऐकणारेही आता ऐंशीच्या पुढे आहेत.

इथे मला थोडं दूरचं उदाहरण द्यायचं आहे. अमेरिकेत टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांच्या सीमेवर ब्रिस्टल नावाचं गाव आहे. १९२७ च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर नावाचा एक माणूस व्हिक्टर कंपनीची ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन तिथे आला आणि डोंगरातल्या माणसांना त्यानं गायला बोलावलं. त्यात कार्टर कुटुंब होतं. ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सारा आणि नात्यातली मेबेल. साधी डोंगरी माणसं. मेबेल गिटारच्या जाड तारांवर अंगठ्यानं चाल वाजवायची आणि त्याच वेळी बाकीच्या बोटांनी ताल धरायची. ती पद्धत तबकडीवर उतरली, देशभर ऐकली गेली, आणि आज ज्याला कंट्री संगीत म्हणतात त्याच्या इतिहासात तिच्या हाताला तिचं नाव आहे. संगमेश्वराच्या त्या आजोबांनी ज्याचं वर्णन केलं, त्या मृदंगवाल्याचा हात मेबेल कार्टरच्या हातापेक्षा कमी होता असं मानायला माझ्याकडे काहीही कारण नाही. फरक इतकाच की ब्रिस्टलला यंत्र आलं आणि संगमेश्वराला आलं नाही.

पण लोकांचं गाणं टिपून ठेवणारी माणसं आपल्याकडेही झाली. दापोली तालुक्यातल्या पालगडचा एक मुलगा, पांडुरंग सदाशिव साने. त्यांनी बायकांच्या ओव्या गोळा केल्या आणि ‘स्त्रीजीवन’ हा संग्रह उभा केला. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक लाखाहून जास्त ओव्या, आणि गाणाऱ्या बाईचं, तिच्या गावाचं नाव त्यांनी त्यासोबत टिपलं. डॉ. अशोक रानडे यांनी लोकसंगीताचा शास्त्र म्हणून विचार करता येतो हे मराठीत मांडलं. रस्ता घालून दिलेला आहे. नमनाच्या बाबतीत आपण त्याच्यावरून किती चाललो?

आता आजच्या नमनाविषयी बोललंच पाहिजे, कारण नमन संपलेलं नाही. ‘बहुरंगी नमन’ अशा जाहिराती तुम्ही नाक्यानाक्यावर बघता. भातकापणी उरकली, तुळशीचं लग्न झालं की तालमी सुरू होतात, पूजांच्या सुपाऱ्या येतात, मुंबईला प्रयोग होतात. कीबोर्ड आला, ऑक्टोपॅड आला, रंगीत दिवे आले. पूर्वी फक्त पुरुष असत, आता महिलांची नमन मंडळं उभी आहेत, आणि कुडाच्या आडून चाली पाठ केलेल्या त्या मावशींची नात आज मंडळात गाते. हा बदल मला अतिशय आनंदाचा वाटतो.

कीबोर्डविषयी जुने रसिक नाराज असतात. मी त्यांच्याशी अर्धाच सहमत आहे. पेटी आली तेव्हाही कोणी नाराज झालं असेलच. नवं वाद्य आल्यानं गाणं बिघडत नाही. माझा आक्षेप आवाजाच्या मोठेपणावर आहे. स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात आणि ऑक्टोपॅडचे ठोके इतके मोठे होतात की मृदंगवाला वाजवतोय हे फक्त दिसतं. चाळांचा आवाज तर गेलाच. त्या आजोबांनी सांगितलेली, बोल टाकून गप्प राहण्याची जागा आता राहतच नाही. मंडळांतली तरुण मुलं इथे बसली आहेत, त्यांना मी हात जोडून विनंती करतो. सगळं ठेवा. पण नमनाचा पहिला अर्धा तास मृदंग, झांज, चाळ आणि गळा एवढ्यावरच करून बघा. मृदंगासमोर एक चांगला माइक ठेवा. लोक उठून जाणार नाहीत. मी अशा एका प्रयोगाला होतो. खळ्यावरची पोरं मोबाइल खिशात घालून ऐकत होती, आणि पहिला गण संपल्यावर मागच्या म्हाताऱ्या रांगेतून जी दाद आली ती कुठल्याही महोत्सवात यावी अशी होती.

आणखी एक सांगतो. आपण नमनाची स्पर्धा घेतो तेव्हा बक्षिसं कशाची असतात? उत्कृष्ट अभिनय, उत्कृष्ट वेशभूषा, उत्कृष्ट नेपथ्य. मृदंगाचं बक्षीस शेवटी, आणि ज्यांच्या बळावर ओळ उभी राहते त्या मागे गाणाऱ्यांना बक्षीस नसतं. परीक्षकांच्या खुर्चीत संगीत जाणणारा माणूस बसवा. या शहरात असे किती तरी आहेत. आज पहिल्या दोन रांगांत बसलेत. त्यांनी एकदा खळ्यावर यावं. नमनाचा कार्यक्रम उशिरा सुरू होतो, थंडी असते, खुर्ची प्लास्टिकची असते. पण यावं, आणि मृदंगवाल्याशी बोलावं. तो बोल म्हणून दाखवील. त्यांना त्यात पखवाजाच्या बोलांशी असलेलं नातं लगेच कळेल, आणि जिथे नातं नाही तिथलं वेगळेपणही कळेल. ती चर्चा व्हायला हवी. तिच्यातून जे निघेल ते मला एकट्याला सांगता येणारं नाही.

आता कामाचं. संयोजकांच्या संमतीनं बाहेर टेबलावर एक जाड वही ठेवली आहे. तिच्यात चार गोष्टी लिहायच्या. तुम्ही ऐकलेल्या मंडळाचं नाव, गाव किंवा वाडी, अंदाजे साल, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांपैकी ज्यांची नावं आठवत असतील ती. चाल आठवत असेल तर पलीकडच्या खोलीत ध्वनिमुद्रणाची सोय आहे, दोन विद्यार्थी बसले आहेत. आवाज बसलेला असला तरी चालेल, शब्द अर्धे आठवत असले तरी चालेल. ज्यांच्या घरी कॅसेटवर काही असेल त्यांनी ती फेकू नये, आमच्याकडे आणून द्यावी, प्रत काढून परत मिळेल. आणि ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढची माणसं आहेत पण इथपर्यंत येऊ शकत नाहीत, त्यांनी वहीत पत्ता लिहावा. विद्यार्थी घरी येतील. शिमग्याच्या आधी पहिली फेरी पुरी करायची आहे, तेव्हा आज रात्रीच लिहून जा.